गुरूवर जमीन नसेल तर

धाकट्या बहिणीची सोयरीक मी मोडली. घरात हे याच शब्दांत सांगतात, आणि ते खरे आहे.

पदवी घेऊन मी पुण्याहून परतलो आणि महाडच्या शाळेत मास्तर झालो. उमरठच्या बाजूला आमची वाडी. तिथून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी शिकत होतो ती सगळी वर्षे उतारावरच्या नाचणीची लावणी, बेणणी बहिणीने केली. तिचे लग्न लांबले ते त्यामुळेच. हे उपकार मी विसरलो नव्हतो. म्हणून तर बिरवाडीची मंडळी बोलणी करायला येणार म्हटल्यावर मी सुट्टी काढून घरी गेलो.

ओटीवर बैठक बसली. मुलगा मुंबईला गिरणीत होता, त्याच्या वतीने चुलते आले होते. जोशीबुवांनी पंचांग पाहून सांगितले, "मुलीला गुरुबळ नाही. गुरू आठवा आहे. पण अडत नाही. पिवळे वस्त्र, हरभऱ्याची डाळ ठेवून गुरूची पूजा करू, मग लग्नाला हरकत नाही."

चुलत्यांनी मान डोलावली. वडिलांनी सुपारीचे तबक पुढे सरकवले. एवढ्यावर सगळे मिटले होते.

"जोशीबुवा," मी म्हणालो, "गुरूवर जमीनच नसेल तर?"

"म्हणजे?"

कॉलेजात या ग्रहाविषयी मी अधाशासारखे वाचले होते, आणि ऐकवायला आजवर कोणी भेटले नव्हते. "आपल्याला दिसतात ते नुसते ढग. हजारावर पृथ्व्या मावतील एवढा तो गोळा, पण पाय टेकायला जागा असेलच असे नाही. समजा, तिथे कोणी पडला, तर तो थांबेल कुठे? समजा, तो आत्ता नाहीसा झाला, तर त्याचा शेवटचा उजेड इथे पोचून आपल्याला कळायलाच अर्धा-पाऊण तास लागेल. तेवढ्यात आपण पूजा केली, तर ती कुणाची?"

"पंचांगातल्या गुरूची," जोशीबुवा शांतपणे म्हणाले. "तुमच्या पुस्तकातल्या नव्हे."

सगळे हसले. मला ते सहन झाले नाही. "अडाण्यांना फसवायचे धंदे आहेत हे," मी म्हणालो.

चुलते उठून उभे राहिले. "अडाणी कोण, मास्तर? आमी?"

"तुम्हाला नाही म्हणालो."

"मग हितं दुसरं कोण बसलंय? पूजा नको म्हणता, म्हंजे गुरुबळ नाय ती पोर तशीच आमच्या घरात लोटायची. उद्या आमच्या पोराला काय झालं, तर तुमचा गोळा येणार हाय का बघायला?" मग ते वडिलांकडे वळले. "पावणं, लेकाला लई शिकवलंत. आता पोरगी ठेवा त्या ढगावरच."

ते गेले. जोशीबुवांनीही पंचांग बांधले.

"तुला कुणी इचारलं व्हतं रे?" वडील एवढेच म्हणाले.

दोन आठवड्यांनी मी माफी मागायला बिरवाडीला गेलो. चुलत्यांनी मला अंगणातच उभे ठेवले. "वरंधची पोर ठरवली," ते म्हणाले. "गुरू बरा हाय तिचा. आणि तिला भाऊ नाय, ते आणखी बरं."

घरी आलो तेव्हा बहीण सुपात नाचणी पाखडत होती. मी काय ते सांगितले. तिने सूप खाली ठेवले.

"दादा, पूजा केल्यावर ते व्हय म्हणणार व्हते, ते तुला कळलं व्हतं ना?"

"होय."

"मग बोललास कशाला?"

तिने सूप पुन्हा उचलले.

"आता माझ्या बैठकीला तू यायचं नाय. लग्नाला पण नाय."

वर्षभराने पोलादपूरच्या एका बिजवराशी तिचे ठरले. गुरूची पूजा झाली की नाही, मला कोणी सांगितले नाही. लग्नाचा निरोप वडिलांनी धाडला होता; तिचा आला नाही. लग्नाच्या दिवशी मी महाडला शाळेत होतो आणि माझे सगळे तास घेतले.