रांगफ्रिड बोटीत बसली

बेर्गेनच्या जुन्या धक्क्यामागच्या लाकडी बोळात माझं लोकरी कपड्यांचं दुकान आणि रांगफ्रिडची खानावळ भिंतीला भिंत लावून उभी आहेत. उत्तरेला जाणाऱ्या बोटीचे उतारू दिवसभर गाव बघतात आणि निघण्याआधी तिच्याकडे माशांचं सूप प्यायला येतात. "पोटभर खाऊन घ्या," ती म्हणते, "बेर्गेनच्या पुढेही माणसं राहतात, असं नुसतं ऐकलंय मी!" ती स्वतः कधीच बोटीने गेली नव्हती. तिला बोट लागते. धक्क्याला बांधलेल्या होडीतसुद्धा तिचा चेहरा पांढराफटक पडतो.

एका ऑक्टोबरात इसाक नावाचे म्हातारे कोळी आले, पार उत्तर टोकाच्या, बोटीने पाच-सहा दिवसांवरच्या वारदोहून. बायको बेर्गेनची. ती वारल्यावर तिचं गाव एकदा डोळ्यांखालून घालावं म्हणून एकटेच आले होते. सूप संपवून त्यांनी विचारलं, "मारित कुठे राहिली? बोट सुटेल ना!"

मारित म्हणजे ती बायकोच. रांगफ्रिडने त्यांच्याच फोनवरून त्यांच्या मुलीला गाठलं. मुलगी रडायलाच लागली. "विसरतात ते, पण इतकं कधीच नाही! विमानात बसवू नका, घाबरतील. बोट तेवढी ओळखीची आहे."

रांगफ्रिडने शेगडी बंद केली आणि एप्रन काढून माझ्या हातात कोंबला.

"अगं, वेडी का खुळी? तुला पाणी सोसत नाही!"

"ओकेन. ओकून कुणी मरत नाही. तू सूप वाढ, आणि वरून मीठ घालू नकोस, तुझा हात खारट आहे." मग ती इसाककडे वळली, "चला कप्तान."

स्टाडच्या भूशिराशी समुद्र खवळला आणि ती बादली धरून बसली. तिथे मात्र इसाकना हुशारी आली. "कोरडी भाकरी चघळ, पोरी. नजर किनाऱ्यावर ठेव," म्हणत ते तिचं कपाळ धरून बसले. वारदोला उतरल्यावर मुलीला म्हणाले, "हिची आधी सोय कर. बिचारीला जपून आणलंय मी."

ती परतली तेव्हा सगळ्या बोळाने तिला डोक्यावर घेतलं, तर ही चिडली. नंतर माझ्यापाशी बसून हळूच म्हणाली, "रोज सकाळी ते मारितला हाक मारायचे. मी रोज काहीतरी थाप मारायचे. शेवटच्या दिवशी मला थाप मारवेना. खरं सांगितलं. ते रडले, मीही रडले. मग डेकवर जाऊन आम्ही कॉफी घेतली, आणि ते मला मारित कशी होती ते सांगत राहिले."