रडू न येण्याचं कारण

बाबांना अर्धांगवायू झाला त्या वर्षी मी टायरोसिनच्या कॅप्सूल घ्यायला लागले. शाळेतल्या एका बाईंनी डबीच हातात ठेवली. हे अमिनो आम्ल, डाळीत-माशांत असतं तेच. शरीर त्यातूनच थायरॉइडचं हार्मोन बनवतं, शिवाय डोक्यावरचा ताण उतरतो, असं त्या म्हणाल्या. ताण माझ्याकडे मुबलक होता. सकाळी बाबांचं अंग पुसून, कपडे बदलून कुडाळची एसटी गाठायची, दिवसभर पोरांना गणित-विज्ञान शिकवायचं, घरी येऊन परत तेच. थायरॉइडची गोळी तर कित्येक वर्षं चालूच होती.

आमच्याकडे नवीन काही करायचं तर आधी देवाला विचारतात. पाण्याचा पंप घेतानाही विचारलं होतं. आई डबी घेऊन देवळात निघाली, मलाही नेलं. गुरवाने मूर्तीच्या ओल्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक नवा औषध मानवात तर उजवो कौल दी." उजवी पाकळी लगेच पडली. मी विज्ञान शिकवते, तरी मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"देवान व्हय म्हटल्यान, मगे ती जुनी गोळी कित्याक?" घरी आल्यावर आई म्हणाली. रोज उपाशीपोटी ती गोळी घ्यायचा मलाही कंटाळा आलाच होता. सोडली.

मग भर मे महिन्यात मला चादर लागायला लागली. केस गळले, पाय सुजले, आवाज बसला. दमणूक असेल म्हटलं. पावसात बाबा गेले. मी नातेवाइकांना फोन केले, भटजींची यादी आणली, आल्यागेल्याला चहा केला. लोक म्हणाले, पोरगी धीराची आहे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला तेव्हा सगळे रडले. मी माझ्या चपला शोधत होते.

"बापूस गेलो आणि तुज्या डोळ्यात एक टिपूस नाय गो," आई त्या दिवशी म्हणाली, आणि नंतर माझ्याशी बोलेना.

शेवटी डॉक्टरकडे गेले. रक्त तपासून ते म्हणाले, "कॅप्सूल ही गोळीच्या जागी चालत नाही. गोळी थांबवायला कोणी सांगितलं?" देवानं, असं कसं सांगणार? थायरॉइड इतका खाली गेला की मनही बधिर होतं, हेही ते म्हणाले. मी ते वाक्य जपून घरी आणलं आणि आईला सांगितलं.

आई आधी गुरवाशी भांडायला गेली. तो शांतपणे म्हणाला, "जुनी गोळी सोडूची काय, ह्या तुमी खंय इचारलास?" ती तशीच परत आली. पण माझ्याशी बोलायला लागली. शेजारणींनाही माझ्याबद्दल सांगू लागली, "चेडू माजा दगड न्हय, तेका थायरॉइड आसा."

गोळी पुन्हा सुरू केली. सूज उतरली, केस गळायचे थांबले. चार दिवसांपूर्वी रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. त्या संध्याकाळी बाबांचा सदरा मांडीवर घेऊन मी त्यांच्या खाटेवर बसले आणि वाट पाहिली. बराच वेळ. मग भूक लागली, म्हणून उठले.

आई रोज विचारते, "रिपोर्ट इलो काय गो?"

"नाय अजून," मी सांगते.