वेलदोड्याचा चहा

१९९६च्या मे महिन्यात, एका रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कमधल्या आमच्या स्वयंपाकघरात माझा पुढचा दात चहात उकळला गेला.

दात माझा होता, पण जन्माचा नव्हता. जन्माचा दात फेब्रुवारीत पाण्याच्या टँकरसमोरच्या रांगेत तुटला. तळमजल्यावरच्या कांताबेनचा भरलेला हंडा त्याला लागला. (हंड्याला पोचा आला. त्याबद्दल कांताबेन आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.) मीरा रोडच्या दातांच्या डॉक्टरांनी मूळ काढून थेट हाडात एक स्क्रू बसवला. "अब छह महीना रुको. हड्डी स्क्रू को पकडेगी, फिर ऊपर पक्का दात." तोवर वापरायला गुलाबी पट्टीवरचा, काढता-घालता येणारा एक दात दिला. काढला की पाण्यात ठेवायचा, एवढीच अट.

या सगळ्याला इम्प्लांट म्हणतात, असं मी आईला सांगितलं.

"स्क्रू?" आई म्हणाली. "तोंडात पंखा टांगायचाय का? लग्न ठरेपर्यंत कुठे बोलू नकोस!"

त्या रविवारी दादरहून मेधा आणि तिचे वडील आमचं घर बघायला येणार होते. मुलगा त्यांनी आधीच पाहिला होता, दातासकट. प्रश्न पाण्याचा होता. भाईंदरचं स्थळ म्हटलं की मुलीकडचे पगाराच्याही आधी पाणी विचारत. माझ्याकडून दोन स्थळं याच प्रश्नावर परत गेली होती. आणि नेमका शनिवारचा टँकर आला नाही!

मी दात स्वयंपाकघरात पेल्यात ठेवला आणि उरलेली अर्धी बादली घेऊन आंघोळीला गेलो. (ती अर्धी बादली मी वापरली नसती, तर पुढचं काहीही घडलं नसतं.) पाहुणे अर्धा तास आधी आले. आईने पिंप तिरकं केलं, कळशी उलटी केली आणि चष्मा कपाळावर ठेवून घरात जिथे जिथे पाणी होतं ते पातेल्यात गोळा केलं.

मी आलो तेव्हा चहा गाळून झाला होता.

"आई, पेल्यातलं पाणी?"

"चहात घातलं."

"त्यात माझा दात होता!"

आईने गाळणीकडे पाहिलं. गाळणी रिकामी होती. चोथा तिने नेहमीप्रमाणे गॅलरीतल्या गुलाबाला घातला होता. गॅलरीत जायचं तर हॉलमधून, म्हणजे पाहुण्यांसमोरून, जावं लागणार होतं.

"चहा ओतून दे," मी म्हणालो.

"आणि दुसरा कशात करू? तुझ्या डोळ्यांतल्या पाण्यात? खळखळून उकळलाय. ऑपरेशनची हत्यारंसुद्धा उकळतातच की! तू फक्त तोंड मिटून बस."

मी तोंड मिटून बसलो.

"पाण्याचे फार हाल आहेत म्हणे इकडे?" मेधाच्या वडिलांनी विचारलं.

"छे हो!" आई म्हणाली. "चहा घ्या ना."

त्यांनी घोट घेतला. थांबले. आणखी एक घेतला. "वा! काय घातलंत यात?"

"वेलदोडा."

"मग अजून अर्धा कप चालेल. काय सुधीरराव, तुमच्या पेपरात काय विशेष?"

"हं," मी म्हणालो.

"नाही, म्हणजे सरकार टिकतंय का?"

"हंहं."

"फारच मोजकं बोलतात हो!"

"लहानपणापासून," आई म्हणाली. (लहानपणी बडबडीबद्दल मला बाकावर उभं केलं जाई.)

तेवढ्यात गॅलरीतून मेधाचा आवाज आला. "जरा इकडे येता का?"

ती गुलाबाच्या कुंडीजवळ उभी होती. दोन बोटांच्या चिमटीत माझा दात होता, त्याला चहाची पावडर लागलेली.

"हा तुमचा?" तिने हळूच विचारलं.

पेपरातली माझी निम्मी नोकरी बातम्यांची खातरजमा करण्यात गेली होती. "खात्री झालेली नाही," मी ओठ जेमतेम उघडून म्हणालो.

"मग तोंड उघडा. आत्ता करू."

मी उघडलं. तिने पाहिलं. मग हॉलमधल्या रिकाम्या कपाकडे पाहिलं.

"चहात होता?"

"हं."

"बाबा दीड कप प्यायले! मी चहा पीत नाही म्हणून वाचले."

"त्यांना सांगणार?"

तिने दात रुमालात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "आधी मला सांगा, पाणी रोज येतं?"

"दिवसाआड. आलं तर."

"हे आधीच खरं सांगितलं असतंत, तर दात चहात गेला असता का?"

"नाही."

"मग ते आता मी सांगते," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने वडिलांना पाण्याचं खरं काय ते सांगितलं. दाताचं सांगितलं नाही.

पक्का दात ऑक्टोबरमध्ये बसला. लग्न डिसेंबरमध्ये झालं. दर दिवाळीला सासरे आमच्याकडे चहा पितात आणि त्या पहिल्या चहाची चव पुन्हा आली नाही, असं म्हणतात. तो वेलदोडा आता बाजारात मिळत नाही, असं आई त्यांना सांगते.