स्टाउटच्या ग्लासवरची वलये

दोनशे अठरा चिठ्ठ्यांमधली किती मते खरोखर बिअरविषयी होती? चिठ्ठ्या पहिल्यांदा वाचल्या तेव्हा हा प्रश्न मला पडला नव्हता. त्यांच्यामागची हकिकत कळल्यावर तो पडला, आणि त्याचे उत्तर मला आजवर देता आलेले नाही.

चिठ्ठ्या एका लहान ब्रुअरीतल्या आहेत. ब्रुअरीला लागूनच तिचे पिण्याचे दालन होते. १९९६ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत तिथल्या काउंटरवर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल ठेवलेली असे. टाक्या चारच होत्या आणि मालकांना दोन काळ्या बिअरपैकी एकच पुढे चालू ठेवायची होती. कोणती, ते पिणाऱ्यांनी सांगावे, असे त्यांनी ठरवले.

दोन्ही बिअर दिसायला सारख्याच काळ्या होत्या. स्टाउटमध्ये मोड न आणता करपेपर्यंत भाजलेले जव पडत. ती उबेत आंबवली जाई, आणि घोट गेल्यावर जीभ कोरडी करून जाई. काळी लागर थंडीत आंबवून सहा आठवडे टाकीत निवांत ठेवलेली, त्यामुळे मऊ. तिच्यात भाजल्याचा वास येई आणि लगेच विरून जाई. काळी म्हणजे जड, ही समजूत पिणाऱ्यांत सर्वत्र आढळते. एकाने स्टाउटला ‘जेवणच आहे’ म्हटले आहे, प्रत्यक्षात ती दोहोंतली हलकी असूनही. दुसऱ्याने लागरला ‘काळा कोट घातलेली पिवळी बिअर’ म्हणून निकालात काढले आहे. स्टाउटच्या बाजूने सर्वांत हिरिरीने लिहिणारे गृहस्थ घड्याळे दुरुस्त करीत. त्यांचे अक्षर मुंगीएवढे आहे: ‘लागर आपोआप घशाखाली जाते, म्हणूनच तिच्यावर माझा विश्वास नाही.’ त्याखालीच, बहुधा त्यांना डिवचण्यासाठी, एका परिचारिकेने लिहिले आहे: ‘मी दिवसभर कडू तोंडं बघते. संध्याकाळी आणखी कडू कशाला?’

नोव्हेंबरच्या मध्यापासून मात्र चिठ्ठ्यांचा सूर बदलतो. ‘स्टाउटचा फेस बसतो.’ ‘शाईचं पाणी.’ घड्याळवाल्यांनी, ज्यांनी तोवर चार चिठ्ठ्या स्टाउटच्या बाजूने भरल्या होत्या, पाचवीवर एवढेच लिहिले: ‘हात बदलला का?’

हात बदललेला नव्हता. दोन्ही बिअर एकच माणूस बनवत होता. चुकणाऱ्याला शाळेतल्यासारखे उभे करून समजावण्याच्या सवयीमुळे त्याला सगळे मास्तर म्हणत. लागर त्याने मालकांच्या सांगण्यावरून बनवली होती. स्टाउट त्याची स्वतःची. अकरा वर्षांपूर्वी, सतरा वेळा जव भाजून पाहिल्यावर जमलेली. त्याची थोरली बहीण त्याच दालनामागे ग्लास धुण्याचे काम करी. तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले मालकसुद्धा. हा लेख तिच्याविषयी आहे.

मास्तर सहा वर्षांचा असताना आई गेली. ताई तेव्हा पंधरा वर्षांची होती. शाळा सोडून तिने त्याला वाढवले, शिकवले, आणि पुढे नवरा वारल्यावर, चाळिशी उलटल्यावर, त्याच्याच शब्दावर ती या कामाला लागली. धुण्याची खोली अरुंद होती. दोन मोऱ्या, एक गरम पाण्याची, एक गार; मध्ये उभा ब्रश; भिंतीला लाकडी जाळी, जिच्यावर ग्लास पालथे घालून निथळत ठेवत. दालनाकडे उघडणारी खिडकी इतकी बुटकी होती की तिच्यातून फक्त हात दिसत. त्यामुळे ताई गिऱ्हाइकांना चेहऱ्याने ओळखत नसे. ती त्यांना त्यांच्या ग्लासांवरून ओळखे.

चांगल्या बिअरचा फेस प्रत्येक घोटागणिक काचेवर एक वलय सोडून जातो. पाच वलये म्हणजे तहानलेला माणूस, नऊ म्हणजे गप्पा मारणारा. तळाशी दोन बोटे बिअर उरली तर त्याला ती आवडली नाही, किंवा भांडण झाले. ब्रश लावण्याआधी ग्लास उजेडासमोर धरायचा, ही तिची सवय होती. सुटी झाल्यावर ती भावाला दिवसाचा वृत्तांत देई, आणि चिठ्ठ्यांपेक्षा मास्तरचा भरवसा त्यावर जास्त होता. माणसे लिहिताना शहाणी होतात, असे तो म्हणे. स्वतः ताईला स्टाउट सोसत नसे. भावाने आग्रह केला की ती म्हणायची, “औषधं पुष्कळ झाली माझ्या आयुष्यात. तुझी लागर दे अर्धा ग्लास.”

चिठ्ठ्या सुरू झाल्या तसा मास्तर अबोल झाला. वरकरणी दोन्ही बिअर त्याच्याच होत्या, पण जाणार कोणती याची धास्ती त्याला होती, आणि ताईला ती न सांगता कळत होती. तिच्या हातात करण्यासारखे फारसे काही नव्हते. जे होते ते तिने केले. स्टाउटचे ग्लास बुटके आणि जाड काचेचे असत. जाळीवर सुकताना त्यांच्यावर पाण्याचे डाग पडत. तिने घरातली एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली चादर फाडून फडकी केली आणि स्टाउटचा प्रत्येक ग्लास ती पुसून, लख्ख करून फळीवर मांडू लागली. लागरचे उंच ग्लास पूर्वीसारखेच जाळीवर राहिले. फडकी ती रोज घरी नेई, कपडे मऊ राहावेत म्हणून मिळणाऱ्या सुवासिक द्रवात बुडवून धुई आणि स्वयंपाकघरातल्या दोरीवर, चुलीच्या वर, वाळत घाली.

काही दिवसांतच स्टाउटच्या ग्लासवरची वलये दिसेनाशी झाली. तळाशी उरलेली बिअर वाढली. ताईने ते प्रामाणिकपणे भावाला सांगितले. सांगताना तिला काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. पण आजवर तिने काही लपवले नव्हते आणि तेव्हाही लपवले नाही. मास्तरने टाकीतून आपल्या छोट्या ग्लासात बिअर काढून चाखली. त्याला काहीच वावगे लागले नाही. त्याने पुन्हा चाखली. मग त्याने जव भाजण्याचा वेळ कमी केला. चिठ्ठ्या सुधारल्या नाहीत. त्याने तो वाढवला, वायूचा दाब बदलला, नळ्या उकळून घेतल्या. डिसेंबरच्या शेवटी शेवटी तो चाखण्याआधी काउंटरवाल्याला विचारू लागला की तुला कशी लागते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याचा स्वतःच्या जिभेवरचा विश्वास उडाला होता. एकदा जेवताना तो ताईला म्हणाला की लागरसुद्धा आता दुसऱ्या कुणी तरी चाखावी. तो स्वतः भट्टी झाडायला राहील.

जानेवारीत ताईला ताप आला आणि ती दोन दिवस घरी राहिली. तिच्या जागी काउंटरवाल्याने ग्लास विसळले. त्याला पुसत बसायला वेळ नव्हता, त्याने सगळे सरसकट जाळीवर पालथे घातले. तिसऱ्या दिवशी ताई कामावर आली तेव्हा पहिला जो ग्लास खिडकीतून आत सरकला, त्याच्यावर वलये होती. तिने मोजली: सात. दुसऱ्यावर नऊ. तिने विचारले तर पिंप तेच होते, आठवड्यापूर्वी उघडलेले.

तिने दुपारची गर्दी ओसरू दिली. मग जाळीवरचा एक ग्लास घेतला, फळीवरचा पुसलेला एक घेतला, आणि दोन्हींत एकाच नळाची स्टाउट भरून ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. जाळीवरच्या ग्लासात फेस सायीसारखा जमून राहिला. लख्ख ग्लासातला तिच्या डोळ्यांदेखत भोके पडून खाली बसला. काचेवर बोट फिरवले तेव्हा तिला किंचित बुळबुळीतपणा जाणवला. बोटाला तिच्या घरच्या कपड्यांचा वास आला.

ही गोष्ट तिच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. फडकी गुपचूप घरी नेली असती तर स्टाउट आपोआप सुधारली असती आणि मास्तरला वाटले असते की आपल्या शेवटच्या बदलाने गुण आला. पण चिठ्ठ्यांचा निकाल सोमवारी, आठवड्याच्या सुटीच्या दिवशी लागणार होता. आदल्या दोन महिन्यांच्या चिठ्ठ्या तशाच मोजल्या गेल्या असत्या.

सोमवारी सकाळी मालकांच्या खोलीत मालक, मास्तर आणि काउंटरवाला बसले होते. ताई हातात दोन रिकामे ग्लास आणि एक भरलेला जग घेऊन आत आली आणि दोन्हींत स्टाउट ओतली. एकातला फेस बसेपर्यंत ती उभी राहिली. मग तिने फडके टेबलावर ठेवले आणि काय झाले ते सांगितले. मालकांनी फडके हुंगून पाहिले.

“ताई, हे तुम्ही बोलला नसतात तर आमच्या कुणाच्या लक्षात आलं नसतं,” मालक म्हणाले.

ताई त्यांच्याशी बोलतच नव्हती. ती भावाकडे पाहत होती.

“तुझी जीभ ठीक आहे,” ती म्हणाली. “आधीही ठीकच होती.”

मास्तरने फडके उचलून हुंगले. “दोन महिने मी जवाला शिव्या घालतोय, ताई.”

“मला घाल.”

“तुला कशा घालू? तूच शिकवल्यास त्या.”

काउंटरवाला हसला, मग त्याला मास्तरच्या डोळ्यांतले पाणी दिसले.

मालकांनी त्या दोनशे अठरा चिठ्ठ्या रद्द केल्या आणि नव्याने सहा आठवडे दिले. मास्तरने जव भाजण्याची आपली जुनी वेळ पुन्हा धरली. ग्लास सगळे जाळीवर सुकू लागले, डागांसकट. वलये परत आली आणि घड्याळवालेही. त्यांनी लिहिले, ‘आभारी आहे.’ तरीही त्या सहा आठवड्यांत जमलेल्या एकशे त्रेचाळीस चिठ्ठ्यांपैकी ब्याऐंशी लागरच्या बाजूने पडल्या. कित्येकांनी त्या दिवसांत स्टाउट मागवलीच नव्हती. ‘बिघडली आहे असं ऐकलं’, असे एकाने लिहिले आहे. एकदा मनात बसलेले मत चांगल्या फेसानेही सहजी धुऊन निघत नाही, असे अनुमान यावरून काढण्याचा मोह होतो. पण परिचारिकेसारख्यांना ती आधीपासूनच कडू वाटत होती, हेही तितकेच खरे आहे. चिठ्ठ्या यापलीकडे काही सांगत नाहीत.

निकाल वाचला गेला त्या दिवशी ताई धुण्याच्या खोलीतून बाहेर आली नाही. मास्तर आत गेला. तिने मोरीकडे तोंड करून विचारले की हे माझ्यामुळे झाले का. तो म्हणाला की ते त्यालाही माहीत नाही, आणि बहुधा कधी कळणारही नाही. पण या वेळी लोकांनी जी प्यायली ती त्याने बनवलेलीच बिअर होती, आणि हरली तर ती हरली. मग त्याने बाह्या वर केल्या आणि तिच्या शेजारी उभे राहून उरलेले ग्लास विसळायला घेतले. ती त्याला, गार पाणी आधी नको, गरम आधी, असे दोनदा सांगत राहिली.

स्टाउटचे शेवटचे पिंप १९९७ च्या एप्रिलमध्ये उघडले गेले. ताईने २००३ च्या जूनमध्ये काम सोडले. मास्तर २०१० पर्यंत त्याच ब्रुअरीत काळी लागर बनवत होता.