लिचफील्डच्या खोलीत आई केस हरली

ऑक्टोबरमधल्या लाँग वीकेंडला अमेरिकेतल्या आमच्या हर्नडन गावातली निम्मी मराठी जनता लाल-पिवळी पानं बघायला शेनान्डोआच्या डोंगरात जाते आणि पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट बघून परत येते. आम्हीही दरवर्षी तेच करतो. यंदा मात्र ते कॅन्सल केलं आणि दोन वकिलांना मागच्या सीटवर बसवून कनेटिकटला गेलो.

वकील म्हणजे माझी आई आणि माझे सासरे. आई अमरावतीची. सेशन्स कोर्टात तिने आयुष्यभर आरोपींची बाजू मांडली. लहानपणी आमच्या दिवाळीच्या फराळाला जे लोक यायचे त्यांच्याबद्दल मी शाळेत फारसं बोलत नसे. सासरे, म्हणजे नाना, पुण्याचे. एका बँकेच्या लीगल डिपार्टमेंटमधून रिटायर झालेले. चेक, हुंड्या, गहाणखतं यांच्यापलीकडे कायदा आहे हे त्यांना तत्त्वतः मान्य आहे, पण तो सभ्य माणसांनी करण्याचा उद्योग नाही असं त्यांचं मत. यंदा दोघं एकाच वेळी आमच्याकडे आले. ज्यांना सासरे आणि आई एकाच किचनमध्ये सांभाळायची आहेत त्यांना माझा एकच सल्ला आहे: घर मोठं घ्या.

खरं तर आमची अपेक्षा भांडणांची होती, पण ती झालीच नाहीत. गेल्या वर्षी आईला स्ट्रोकचा एक हलका झटका आला. हातपाय सहीसलामत सुटले, जीभ अडकली. म्हणजे बोलता येतं, पण मधेच एखादा शब्द येतच नाही. समोर दिसतोय, हाताला लागत नाही, असं ती सांगते. तिने सगळ्या केसेस इतरांना देऊन टाकल्या आणि इथे आल्यावर बोलणंच कमी केलं. मी काही विचारलं की हो, ठीक, चालेल. ती अडली की मी पटकन शब्द पुरवायची, अमेयही पुरवायचा. भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी माझी आई इथे इतकी गोड वागत होती की मला भीती वाटायला लागली.

लिचफील्डचा शोध अमेयचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या लॉ स्कूल्सपैकी एक तिथे होतं आणि ती खोली अजून बघायला मिळते, असं त्याने वाचलं. नाना लगेच तयार झाले. आई म्हणाली, चालेल.

आता कामाचं. मॅप म्हणतो सहा-साडेसहा तास. न्यू जर्सी टर्नपाइक नावाच्या टोल रस्त्याला हे मान्य नाही. पहाटे निघा, टोलचा टॅग काचेला लावलेला असू द्या आणि न्यूयॉर्क शहराच्या वाटेला जाऊ नका. वरच्या अंगाने हडसन नदी ओलांडली की ट्रॅफिक विरळ होतो आणि झाडं सुरू होतात. खाणं बरोबर घ्या. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी घेतली होती. ती न्यू जर्सीच्या रेस्ट एरियात उघडल्यावर शेजारचं टेबल आपोआप रिकामं झालं. फॉलमध्ये लिचफील्डच्या आसपास राहणं महाग पडतं. आम्ही शेजारच्या मोठ्या गावात साधं मोटेल घेतलं, तेही नेहमीच्या दुप्पट भावात. सकाळचा फुकट वॉफल मात्र उत्तम होता आणि नानांनी तो भाव वसूल होईपर्यंत खाल्ला.

शनिवारी सकाळी गावात पोचलो. मधोमध लांबलचक हिरवळ, कडेने पांढरी लाकडी घरं, टोकदार मनोऱ्याचं चर्च. सगळं इतकं नीटनेटकं की गाडी पार्क करताना आपणच केर आहोत असं वाटतं. लॉ स्कूल म्हणजे एका घराच्या अंगणातली लाकडी खोली. एकच. आमच्या सोसायटीची जिम याहून मोठी आहे आणि तिथेही कोणी शिकत नाही. हिवाळ्यात हे सगळं बंद असतं, त्यामुळे जाण्याआधी वेळ बघून घ्या.

आमची गाइड डोना, शाळेतून रिटायर झालेली टीचर, आवाज अजून वर्गाचा. तिने सांगितलं की अठराव्या शतकाच्या शेवटी एका वकिलाने घरात मुलांना शिकवायला सुरुवात केली, ती मावेनात म्हणून ही खोली बांधली. त्याचा पहिला विद्यार्थी त्याचा मेहुणाच. हा मेहुणा पुढे देशाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला आणि पदावर असताना द्वंद्वयुद्धात त्याने एका प्रतिस्पर्ध्याला गोळी घातली. मी हे मराठीत सांगितल्यावर आई हळूच म्हणाली, "क्रिमिनलचं प्रॅक्टिकल केलं." त्या ट्रिपमधलं तिचं पहिलं पूर्ण वाक्य.

सर बोलायचे आणि मुलं पिसाच्या लेखणीने लिहून घ्यायची. मग खोलीवर जाऊन तेच पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवायची, कारण छापील पुस्तकं दुर्मिळ होती आणि पुढे वकिली करताना याच वह्या कामाला येणार होत्या. परीक्षा पास करून डिग्री वगैरे काही नाही. शिकून झालं की घरी जा आणि वकील व्हा. पण काय शिकायचे, हे नानांनी विचारलं आणि उत्तर ऐकून त्यांची छाती फुगली. करार, भागीदारी, जहाजांचा विमा, वचनचिठ्ठ्या, हुंड्या, दुसऱ्याकडे ठेवायला दिलेला माल. सगळा व्यापाराचा कायदा. नवा देश, नाणी अपुरी, त्यामुळे कागदावरच्या वचनावर सगळा धंदा. आणि क्रिमिनल? डोना म्हणाली की होतं, पण त्या मानाने थोडकं. चोरी, दरोडा, खून, खोटी सही, असं आटोपशीर.

"विहीणबाई, तुमचा विषय त्यांनी शेवटच्या आठवड्यात उरकला असणार," नाना म्हणाले. आई फक्त हसली. झटक्याआधी तिने त्यांना त्या खोलीच्या बाहेर पोचवलं असतं.

डोनाने मग हिरवळीपलीकडच्या जुन्या तुरुंगाकडे बोट दाखवलं. त्या काळात देणं फेडलं नाही तर माणूस सरळ आत. म्हणजे वर्गात व्यापाराचा कायदा शिकायचा आणि त्याचा शेवट चोरांच्या शेजारच्या कोठडीत बघायचा. नानांनी बँकेच्या वतीने एक समाधानाचा सुस्कारा सोडला.

त्या दिवशी तिथे अभिरूप न्यायालय होतं. त्या जुन्या मुलांना सराव म्हणून खोट्या केसेस लढवायला लावत, त्याच धर्तीवर आलेल्या लोकांना एक केस देत होते. अमेयने आम्हाला न विचारता दोघांची नावं दिली होती. नाना उठून कोटाची बटणं लावायला लागले. आई नको म्हणाली. मीही नको म्हणाले, जरा जास्तच जोरात. डोनाने आईकडे बघून विचारलं की तुम्ही वकील आहात ना. आईने माझ्याकडे बघितलं, मग उठली.

केस अशी. एका गिरणीवाल्याने लांबच्या गावातल्या दुकानदाराला एका व्यापाऱ्याच्या सहीची वचनचिठ्ठी देऊन मीठ आणि लोखंड घेतलं. व्यापारी म्हणतो, सही माझी नाही. गिरणीवाला म्हणतो, एका फिरत्या गिऱ्हाइकाने पिठाच्या बदल्यात दिली, मला काय माहीत. पैशाची जबाबदारी गिरणीवाल्यावर येते हे दोन्ही बाजूंना मान्य. प्रश्न एवढाच की तो गुन्हेगार आहे का. नाना सरकारी वकील, आई बचावाची, बाकांवरचे पर्यटक ज्यूरी. व्यापारी स्वतः डोना.

नाना सुरेख बोलले. गिरणीवाल्याचा या व्यापाऱ्याशी वर्षानुवर्षांचा व्यवहार, तो सही ओळखणार नाही कसा?

आई उलटतपासणीला उभी राहिली. तिने डोनाला अगदी सावकाश इंग्रजीत विचारलं की गिरणीवाला तुमच्याशी कधी लेखी व्यवहार करायचा का? डोनाने हातातला कागद चाळला आणि कबूल केलं की तो हिशेबासाठी काठीवर खुणा पाडायचा आणि सहीच्या जागी फुली मारायचा. ज्याला वाचता येत नाही तो खरी सही आणि खोटी सही कशी ओळखणार, असं म्हणून आई ज्यूरीकडे वळली. बाकांवर कुजबुज झाली.

भारतात ज्यूरी केव्हाच गेली, त्यामुळे आई तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच न्यायाधीश सोडून माणसांशी बोलत होती. ती सांगत होती की हातात खोटा कागद असणं पुरेसं नाही, आणि पुढचा शब्द आला नाही.

मला माहीत होता. इंटेन्शन. माझ्या ओठांवर होता. अमेयने माझा हात दाबून धरला. मी नानांकडे बघितलं. ते खुर्चीत बसून राहिले, नजर खाली, समोरचा वकील बोलायचा थांबला की बसतात तसे. आईने डोळे मिटले, उघडले, मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "मनात. मनात काय होतं ते." आणि मग इंग्रजीत, की हे या कागदावर कुठे लिहिलंय ते मला कोणीतरी दाखवा.

नाना उठले. वाचता येत नाही म्हणता, ते म्हणाले, मग अनोळखी माणसाकडून कागद घेताना कोणाला दाखवला का नाही? ओळखीचा व्यापारी गावातच होता, त्याच्याकडे न जाता ही चिठ्ठी लांबच्या गावात का खपवली? ते खाली बसले. डोनाने हात वर करायला सांगितले. बहुतेक हात नानांच्या बाजूने गेले.

आई केस हरली.

बाहेर आल्यावर मी नानांना गाठलं. सासऱ्यांशी मी कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढला. त्यांना विचारलं की एवढं ताणायची काय गरज होती, थोडं सोडून दिलं असतं तर काय बिघडलं असतं.

नाना म्हणाले, "मुक्ता, त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्या पेशंट नव्हत्या. मी सोडून दिलं असतं तर त्यांच्या लक्षात आलं असतं."

आई आमच्या बरीच पुढे, तरातरा चालत होती. आम्ही सँडविचच्या दुकानात पोचलो तेव्हा तिने टेबल धरलं होतं आणि नाना बसायच्या आतच सुरुवात केली. लांबच्या गावात खपवली म्हणजे काय? त्याला मीठ पाहिजे होतं, मीठ तिथे मिळत होतं, मग काय गिरणीतच दळून काढायचं होतं का? ज्यूरीला तुम्ही भलत्याच... शब्द अडला. मी तोंड उघडलं. आईने माझ्याकडे न बघता हात आडवा केला, शब्द शोधून आणला, "दिशेला," म्हणाली आणि पुढे गेली. नानांनी उत्तर दिलं, तिने ते खोडलं. सूप निवलं. त्या दुकानातलं टोमॅटो सूप बरं असावं. आमच्यापैकी फक्त अमेयने प्यायलं.

रविवारी परतीचा सगळा टर्नपाइक भांडणात गेला. डेलावेअरमध्ये ती अडली आणि बराच वेळ अडली. नाना खिडकीबाहेर बघत थांबले. शब्द आला, ते परत भिडले. अमेयने रेडिओ लावून बघितला, दोघांनी एका आवाजात बंद करायला लावला.

घरी आल्यावर मला वाटलं, आता गाडी रुळावर आली. आईला इथेच ठेवून घ्यायचं, स्पीच थेरपी चालू ठेवायची, नाना आहेतच. मी खुशीत तिला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि परतीचं तिकीट अलीकडचं करायला सांगितलं.

"इथे भांडायला एकच माणूस आहे," ती म्हणाली. "तिथे कोर्टात वकिलांचं अख्खं बार आहे."

मी रडले, चिडले, डॉक्टरांचं नाव पुढे केलं. तिने माझा एकेक मुद्दा खोडला. आईशी वाद घालताना मी किती वर्षांनी हरत होते, ते मलाच आठवेना. शेवटी तिकीट बदललं.

लिचफील्डला जावं का, असं मला ऑफिसमध्ये विचारतात. पानं सुंदर आहेत, खोली लहान आहे, बघून व्हायला अर्धा दिवस पुरतो. बरोबर वकील असेल तर दोन ठेवा. मला तिथून काय मिळालं ते सांगायचं तर मी आता आईला शब्द पुरवत नाही. फोनवर ती थांबते, मीही थांबते. कधी कधी खूप थांबावं लागतं.

परवा तिचा फोन आला. कोर्टात पुन्हा उभी राहायला लागल्यापासूनचा तिचा पहिला जामीन अर्ज होता. दोनदा अडली, न्यायाधीश थांबले आणि शेवटी जामीन फेटाळला. ऑर्डर कशी चूक आहे ते ती सांगत सुटली, आता नागपूरला हायकोर्टात जाणार म्हणाली. तिचा आवाज इतका चढला होता की मी फोन कानापासून लांब धरला. पलीकडच्या खोलीतून नाना आले, त्यांनी क्षणभर ऐकलं, फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "विहीणबाई, न्यायाधीशांचं बरोबर आहे."

मी चहा टाकायला गेले.