राजाला बसवलं

लोहाऱ्यात किराणा दुकानदार पुष्कळ, पण गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून ढगांना लगाम घालणारा एकच. सिद्रामप्पा. अर्धा किलो तूरडाळ तोलता तोलता मध्येच थांबून ते शून्यात बघायला लागले की बायका म्हणायच्या, "अप्पा, राक्षस मेल्यावर तरी डाळ द्या."

अशा रीतीनं सातशे पानांची कादंबरी झाली, 'ढगस्वारांचं राज्य'. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळं टाइप करायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. जमिनीखालून वाहणारी नदी, ढगांवर मांड ठोकणारी माणसं, डोंगर गिळणारी घोरपड! सोलापूरपलीकडं फारसा न गेलेल्या माणसाच्या डोक्यात हे येतं कुठून, याचं मला आजही कुतूहल आहे.

पुस्तक कसं कुणास ठाऊक, पुण्याला पोचलं. त्यावर मालिका काढायची म्हणून आरोही नावाची पटकथा लिहिणारी मुलगी आली. अप्पांनी एकच अट घातली. "घोरपड उडवा न्हायतर नाचवा. पण राजकन्या संध्याकाळी राजापाशी जाऊन बोलती, तेवढं बदलायचं न्हाय. बदललं तर मालिका बंद." आरोहीनं शब्द दिला.

अटीचं कारण मला माहीत होतं. बायको, म्हणजे शांताक्का, गेल्यापासून अप्पा दर सोमवारी गावाबाहेर तिच्या समाधीपाशी बसतात आणि आठवड्याचं सगळं सांगून येतात. शेंगदाणे महागले, उंदरानं पोतं कुरतडलं, सगळं. राजकन्येच्या तोंडी तेच आहे, फक्त शेंगदाण्यांच्या जागी ढग.

परवा आरोही पटकथा वाचून दाखवायला आली. दुकानात पोत्यांवर बसून आम्ही ऐकत होतो. युद्ध झक्कास झालं. मग ती वाचायला लागली, "युद्ध संपलं. राजाला बसवलं. हत्तींची रांग. तुताऱ्या."

"थांबा," अप्पा म्हणाले. "मयतीत हत्ती कशाला?"

"मयत? कुणाची?"

"राजाची! बसवलं की त्याला."

"सिंहासनावर ना, काका?"

घोळ कुठं झालाय, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं झोपवत नाहीत, बसवून माती देतात. 'म्हाताऱ्याला बसवलं' म्हटलं की आमच्या गल्लीत पुढचं कुणी विचारत नाही. राजा मेला, असं अख्ख्या पुस्तकात एकदाही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज अप्पांना वाटली नाही आणि टाइप करताना मलाही कुठं अडलं नाही. पुण्याच्या पोरीनं आमचा मेलेला राजा उचलून गादीवर नेऊन ठेवला होता!

मी हे समजावून सांगितलं, तसा आरोहीचा चेहरा उतरला. चित्रीकरण तोंडावर आलेलं. "मी सगळं पुन्हा लिहिते, काका. राज्याभिषेक काढते. त्या दोघांच्या संध्याकाळच्या गप्पाही काढते."

अप्पांनी मान वर केली. "गप्पा? म्हंजे तुमच्या लिखाणात राजा बोलतो?"

"मला तो जिवंत वाटला ना... हो, बोलतो."

संपली मालिका, मला वाटलं. मनातल्या मनात मी त्या पोरीची बॅग एसटीत ठेवूनही दिली. पण अप्पा पोत्यावरनं पुढं सरकले. "काय म्हणतो?"

आरोहीनं चाचरत वाचलं. राजकन्या दिवसभराचं सांगते आणि राजा मध्ये मध्ये विचारतो, मग तू काय केलंस? घाबरली नाहीस ना? आज आवाज का बसलाय तुझा?

अप्पांनी ते पुन्हा वाचायला लावलं. दारात एक बाई साखर मागत होती, तिच्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. इतकी वर्षं या माणसानं नुसतं सांगितलं होतं. पलीकडून काय उत्तर आलं असतं, ते कल्पनेतसुद्धा लिहायची त्यांची छाती झाली नव्हती. ढगांना लगाम घालणाऱ्याची! मला फार वाईट वाटलं, आणि आता हे काय करणार, याची उत्सुकताही तितकीच.

"राहू द्या," अप्पा म्हणाले. "हत्ती बी राहू द्या. बोलू द्या राजाला. फक्त त्याचं पहिलं वाक्य म्या देतो."

आरोहीनं पेन काढलं.

"ऊट आयता?"

"म्हणजे?"

"कानडी हाय. जेवण झालं का?"

रोज दुपारी मागच्या दारातून शांताक्का हेच विचारायची. भिंतीपलीकडून मी कितीदा ऐकलं होतं.

"पण काका," आरोही हळूच म्हणाली, "एवढा मोठा राजा पहिल्यांदा हे विचारेल?"

"दुसरं काय विचारंल? लई दिवसांनी बोलायलाय."

तिनं लिहून घेतलं आणि तो प्रसंग पहिल्यापासून वाचायला घेतला. राजकन्या येते. राजाजवळ बसते. राजा तिच्याकडं बघतो आणि विचारतो, "ऊट आयता?" तिचा उच्चार पार बिघडला होता.

"इन्नू इल्ला," अप्पा बोलून गेले. अजून नाही.