नात्यातली मॉडेलिंग एजन्सी

माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा बऱ्हाणपूरच्या अख्ख्या लालबागेत कोणी नाही, हे मी स्वतः सगळ्यांना सांगितलेलं आहे.

माझ्या तीन बहिणींची स्थळं मीच पाहिली. पद्धत साधी. मुलगा काय करतो ते नंतर. आधी तो कोणाचा, कुठला, मामा कोण, आत्या कुठे दिली. दोन-तीन गावं मागे गेलं की ओळखीचं एखादं नाव निघतंच, आणि ते निघालं की विषय संपला! (तीनपैकी एक मेहुणा आजही माझ्याशी बोलत नाही, पण घराणं चांगलं आहे.)

त्यामुळे माझ्या मुलीला, तेजलला, मॉडेलिंगचं काम चालून आलं तेव्हा चौकशी कोण करणार हा प्रश्नच नव्हता. कॉलेजच्या कार्यक्रमातला तिचा फोटो पाहून इंदूरच्या एका एजन्सीतून एका बाईंचा फोन आला होता. साड्यांच्या कॅटलॉगचं काम. पोरगी दोन दिवस हवेत होती. तिने सगळं तपासूनही ठेवलं होतं.

"पप्पा, फी काहीच नाही. काम मिळालं की त्यातून कमिशन कापतात. अ‍ॅग्रीमेंट पाठवलंय, वकिलाला दाखवा म्हणाल्या. मम्मीला सोबत आणा म्हणाल्या. आधी काम केलेल्या दोन मुलींशी मी बात पण केली. सब जेन्युइन है!"

"ते ठीक. पण या बाई कोणाच्या?"

"कोणाच्या म्हणजे?"

मी सरळ बाईंना फोन लावला. नमस्कार-चमत्कार झाले आणि विचारलं, "मॅडम, आप मूळ के कहाँ के? मामा का गाँव कौन सा?"

बाईंनी मामाच्या गावाला बगलच दिली. म्हणाल्या, "सर, आप ऑफिस आकर देख लीजिए ना."

मामाचं गाव सांगायला जी बाई कचरते, तिच्याकडे पोर पाठवायची? वर फी नाही म्हणे! फुकट कोण कोणासाठी राबतं? मी तिथल्या तिथे नकार कळवला. तेजल रडली. मी म्हटलं, "रडू नको. ओळखीतली एजन्सी शोधून देतो." आणि इतवारा बाजारातल्या पाच दुकानांत सांगून ठेवलं.

आठवड्याच्या आत एजन्सी आपल्या पायांनी दारात आली. नाव भूषण. आल्या आल्या माझ्या पाया पडला.

"कुठला रे तू?"

"रावेर साइडचा, मामा."

"रावेर? अरे, तुझी मामी रावेरची!"

"काय सांगता!"

"घर कुठे तिथं?" (इथे मी पक्का असतो. या प्रश्नावर भलेभले घसरतात.)

"ते... मारुतीच्या मंदिराजवळ."

"निंबाचं झाड आहे तेच?"

"तेच मामा!"

"म्हणजे प्रल्हादनानांच्या भाऊबंदांतला तू!"

"तुम्ही नानांना ओळखता?" असं म्हणून त्याने डोळे पुसले.

मी बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं. सुनंदा पुटपुटली, "पण नानांना तर मूलबाळच..."

"भाऊबंद म्हटलं मी! तू भरताला वांगी भाज."

तेजलने मला आत ओढलं. "पप्पा, याचं ऑफिस कुठेय? अ‍ॅग्रीमेंट कुठेय?"

"नात्यात कागद मागायचा? शोभतं का?"

"आणि पैसे मागितले तर?"

"मागितले का त्याने?"

नव्हतेच मागितले! 'रजिस्ट्रेशन लागतं, पण मामाकडून कसं घेऊ' म्हणत बिचारा मागे मागे सरकत होता. शेवटी मीच त्याच्या मोटारसायकलमागे गल्लीच्या टोकापर्यंत धावलो आणि केळीचे नुकतेच आलेले पैसे त्याच्या खिशात कोंबले. खिसा लहान होता, म्हणून दुसऱ्या खिशातही कोंबले.

शूटिंग फोपनार गावातल्या आमच्याच केळीच्या बागेत झालं. 'ट्रॅडिशनल लुक' हवा म्हणून सुनंदाचा लग्नातला शालू तेजलला नेसवला. भूषण कॅमेरा डोळ्याला लावून ओरडत होता, "अजून आत! केळीला टेका!" ती टेकली आणि वरचं पान मोडलं. केळीचा चीक कपड्याला लागला की तो डाग जन्मात निघत नाही, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही माहीत असतं. शालूकडे पाहून सुनंदा बांधावर मटकन बसली.

"मामी, टेन्शन नका घेऊ. एडिटमध्ये डाग काढतो," भूषण म्हणाला.

काढलाही असेल. फोटो आम्ही कधी पाहिलेच नाहीत.

तीन दिवस जेवून, सोबत दराब्याच्या मिठाईचा डबा घेऊन तो गेला आणि त्याचा फोन बंद झाला. मी रावेरला गेलो. मंदिर होतं. झाडही होतं. कुठल्या गावात नसतं? भूषण मात्र कोणालाच माहीत नव्हता. परत आलो आणि नाक मुठीत धरून इंदूरच्या बाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, वो काम तो दूसरी लड़की को चला गया."

हे तेजलला सांगितलं तेव्हा वाटलं, आता भांडेल, आदळआपट करेल. तिने काहीच केलं नाही. "ठीक आहे" म्हणून उठली आणि माझ्याशी बोलणंच बंद केलं. मला जेवण जाईना. पैशांचं दुःख पचलं असतं. पण माझ्या पोरीने सगळं बरोबर केलं होतं आणि मी ते एका फोनमध्ये घालवलं होतं.

महिनाभराने भुसावळहून एका गृहस्थांचा फोन आला.

"रामराम भाऊ! पोरीच्या मॉडेलिंगचं काम होतं. भूषण म्हणून एक पोरगा आलाय, त्याने तुमचं नाव सांगितलं. तुम्ही त्याचे मामा ना?"

मी उडालोच! "मी त्याचा कोणी नाही! चोर आहे तो! मला बुडवलंय! एक पैसा देऊ नका, भाऊ!"

 पलीकडून समजुतीचा आवाज आला. "असू द्या भो. होतं असं. मामा-भाच्यात काहीतरी वाकडं आलेलं दिसतं. पण पोरगा तुमच्याबद्दल एक शब्द वाईट नाही बोलला."

"अहो, नातंच नाही आमचं!"

"रागात माणूस असंच म्हणतो. मामा खरंच बऱ्हाणपूरचे आहेत, एवढंच मला पाहायचं होतं." फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेनात.

दारात तेजल उभी होती. "काय झालं? काय म्हणाले ते?" महिन्याभरात माझ्याशी बोललेली ही तिची पहिली वाक्यं.

"काही नाही," मी म्हटलं. "आपल्याबद्दल चौकशी करत होते. घराणं पसंत पडलं त्यांना."